अजून जरा डावीकडे

१

आठवड्यातली एकच दुपार त्या दोघांच्या वाट्याला यायची, बुधवारची. ती इस्पितळात नर्स, पुरुषांच्या वॉर्डात; तो लिफ्टचा मिस्त्री. तिच्या पाळ्या सारख्या बदलायच्या, आणि त्याचं काम तर कुठल्या इमारतीत कोण कधी अडकेल त्यावर. एक जण दारातून आत येतो तेव्हा दुसरा बूट घालत असतो, असा त्यांचा संसार चालला होता. मुलगी शिकायला दुसऱ्या गावी गेल्यापासून घरात जागा झाली, वेळ काही झाला नाही. बुधवारी मात्र त्याला सुट्टी असायची, तिला सकाळपाळी, आणि मुख्य म्हणजे त्याची आई दुपारी गुडघ्यांच्या व्यायामाला जायची ती येताना मैत्रिणीकडे गप्पा मारत बसायची.

त्यात आता नवलाई नव्हती. ती घरी यायची, पाय धुवायची, दोघं स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच जेवून घ्यायची. मग तो खोलीतली खिडकी लावून पडदा ओढायचा आणि फोन मुद्दाम बाहेर फ्रिजवर ठेवून यायचा. ती केसांतल्या पिना काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. सकाळभर माणसांना उचलून, कुशीवर वळवून तिची कंबर कामातून गेलेली असायची. त्याच्या बोटांना कितीही साबण लावला तरी ग्रीसचा वास मागे राहायचाच. चाळिशी ओलांडलेली दोन दमलेली माणसं. पण चारचौघांत त्याला 'अहो' म्हणणारी ती त्या खोलीत 'अरे' म्हणायची, आणि तेवढ्यासाठी तो आठवडाभर थांबायचा.

"या सिस्टर," तो पलंगावर आडवा होत म्हणायचा, "पेशंट केव्हाचा बेल वाजवतोय."

"पेशंटला म्हणावं, नर्स एकच आहे आणि तिचे पाय दुखतायत."

त्या बुधवारीही सगळं असंच झालं. तो जवळ सरकला. तिने डोळे मिटले, दिवसातला पहिला मोकळा श्वास सोडला, आणि तिच्या पाठीवर, डाव्या खांद्याच्या हाडाखाली, खाज सुटली.

"थांब जरा."

"काय झालं?"

"पाठ खाजतेय रे."

तो हसला. तिला जवळ घेऊनच त्याने पाठीमागे हात नेला आणि खाजवलं. खाज हलली नाही. त्याने जोरात खाजवलं. ती म्हणाली, अजून. शेवटी ती उठून बसली, स्वतःच हात वाकडा करून पाठ ओरबाडू लागली. तिचा तो अवतार बघून दोघांनाही हसू फुटलं आणि बाकी सगळं राहूनच गेलं. ती उठली, गाऊन चढवला, चहा टाकायला गेली. गॅस पेटवताना तिच्या लक्षात आलं की खाज कधीच थांबलेली आहे. ते दोघं वेगळे झाले त्याच क्षणी.

२

एकदा झालं तर माणूस विसरून जातो. पुढच्या बुधवारी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. एरवी दिवसभर पाठ म्हणून आहे याची तिला आठवणसुद्धा नसायची. बसमध्ये नाही, वॉर्डात नाही, रात्री त्याच्याशेजारी मेल्यासारखी झोपायची तेव्हाही नाही. तो मनात काही घेऊन जवळ आला, आणि तिच्याही मनात तेच आलं, की तेव्हा नेमकी.

"ढेकूण असतील," सासूबाई म्हणाल्या. त्यांना तिने झोपताना पाठ खाजते, एवढंच सांगितलं होतं. "गादी उन्हात टाका. माझं कोणी ऐकतं का पण या घरात?"

गादी उन्हात टाकली. चादरी उकळत्या पाण्यातून काढल्या. साबण बदलला, पावडर लावून पाहिली, त्याने कामावरून आल्या आल्या आंघोळ करायला सुरुवात केली. शेवटी तिने आपल्याच इस्पितळातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. बाईंनी दिवा लावला, भिंग धरलं आणि पाठ इंच इंच तपासली.

"काहीसुद्धा नाही हो सिस्टर. लहान मुलीसारखी स्वच्छ पाठ आहे. खाजतं कधी?"

तिने सांगितलं. बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि परत लावलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो. म्हणजे, आहे तसंच आहे."

"वाईट वाटून घेऊ नका. मनात नसलं की कधी कधी शरीर निमित्त काढतं. तोंडाने 'नको' म्हणता येत नाही, मग ते असं बोलतं. थोडी विश्रांती घ्या."

गोळ्या घेऊन ती घरी आली. त्यांनी खाज गेली नाही, झोप मात्र इतकी यायला लागली की एकदा बसमध्ये तिचा थांबा मागे गेला. नवऱ्याला तिने अर्धंच सांगितलं. उरलेलं अर्धं त्याने तिच्या चेहऱ्यावरून ओळखलं.

"म्हणजे मी नकोसा झालोय."

"असं मी कुठे म्हटलं?"

"तू नाही म्हणालीस. तुझी पाठ म्हणतेय."

तो कुशीवर वळला. भांडला असता तर बरं झालं असतं. पण दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात उतरून वर आलेल्या माणसाला भांडायलाही त्राण लागतं. ती छताकडे बघत पडून राहिली आणि तिने स्वतःलाच खरं खरं विचारलं: खरंच असं आहे का? नको झालंय का मला? उत्तर यायला वेळ लागला नाही. बुधवारी बसमधून उतरताना तिची पावलं आपोआप भराभर पडायची. तो तिला हवा होता. यात तिळमात्र शंका नव्हती, आणि असती तर तिला जास्त बरं वाटलं असतं.

३

मग एका बुधवारी त्याने ठरवूनच टाकलं की आज खाज संपवायची.

"आधी ते. मग आपण," तो म्हणाला. तिला जवळ घेतलं, खाज सुटेपर्यंत थांबला, आणि ती सुटल्याबरोबर तिला पालथं झोपवून शेजारी मांडी घालून बसला. "हं, सांग. वर की खाली?"

"वर. थोडं डावीकडे."

त्याची बोटं सरकली.

"अजून जरा डावीकडे."

सरकली.

"अजून. अजून थोडं. आलंच आता. अजून."

तो थांबला.

"अगं, पाठ संपली तुझी."

तिने मान वळवून पाहिलं. त्याची बोटं तिच्या अंगावरून कधीच उतरली होती. तिच्या खांद्यापासून हातभर लांब, नुसत्या चादरीवर, त्याची नखं टेकलेली होती. आणि खाज होती त्याच्याही पलीकडे. हे ती शपथेवर सांगू शकली असती. एखादी वस्तू अंधारात कुठल्या बाजूला पडली हे जसं कळतं, तसं तिला कळत होतं. खाज तिची होती, पण तिच्या अंगावर नव्हती.

"चेष्टा करतेस का?"

"नाही रे."

दोघं हसले, पण ते हसणं ओढून आणल्यासारखं होतं, लगेच थांबलं.

दुसऱ्या दिवशी कामावर तिने डोकं शांत ठेवून विचार केला. वॉर्डात गुडघ्याखाली पाय काढलेला एक ट्रक ड्रायव्हर होता. त्याचा नसलेला तळपाय खाजायचा. "सिस्टर, जरा खाजवा हो," असं तो अगदी काकुळतीला येऊन म्हणायचा, आणि तिला हातात काम नसलं की ती पायाच्या जागी रिकामी चादर खाजवायची. त्याला बरं वाटायचं. यात भूतबित काही नाही, हे तिला माहीत होतं. पाय जातो, पण मेंदूला ते लवकर उमगत नाही. तेव्हा असंही होऊ शकतं. माणसाला आपल्या बाहेर खाज सुटू शकते.

पण त्याचा पाय गेला होता. माझं काय गेलंय? ती ड्रायव्हरचा ताप बघत उभी होती. थर्मामीटर वाजला तरी तिने तो काढला नाही. शेवटी त्यानेच काढून तिच्या हातात दिला.

४

"जागा बदलून बघू," नवरा म्हणाला.

मुलीला भेटायला जातोय असं आईला सांगून ते बसने निघाले आणि मधल्याच एका गावात उतरले. स्टँडसमोर लॉज होतं. खोलीत एक पांढरी ट्यूब, पुठ्ठ्यासारखे कडक टॉवेल, आणि पलीकडच्या खोलीतल्या टीव्हीवर कोणाचं तरी लांबलचक रडणं चाललेलं. काउंटरवरच्या माणसाने त्यांच्याकडे आणि त्यांच्या पांढऱ्या होत चाललेल्या केसांकडे पाहून काही विचारलं नव्हतं, तरी ती जिन्यात लाजली होती. तिला मजा वाटत होती. त्यालाही. त्याने दाराला खुर्ची लावली, तेव्हा ती म्हणाली, "अरे, आपलं लग्न झालंय."

बराच वेळ काही झालं नाही. तिला तर रडूच येईल असं वाटलं, इतकं सगळं साधं आणि पूर्वीसारखं चाललं होतं. आणि मग ती आली. बारीक, पुसट, फार लांबून हाक यावी तशी. तिने ओठ आवळून धरले, पण अंगाला अंग लागलेलं असताना काय लपतं? तो थांबला.

"कुठे?"

ती उठून बसली. आवाज कुठून येतो ते शोधताना माणूस मान फिरवतो, तशी ती पलंगावर बसल्या बसल्या फिरली. मग तिने खिडकीकडे हात केला. खिडकीबाहेर ते ज्या रस्त्याने आले तो रस्ता होता.

"तिकडे."

"तिकडे म्हणजे?"

तिला म्हणायचं नव्हतं. "घरी," ती म्हणाली.

तो तिच्याकडे बघत राहिला. मग मोजे घालायला लागला. परतीच्या बसमध्ये त्याने डोळे मिटून घेतले होते, पण झोप लागली नव्हती. गाव मागे पडल्यावर तो डोळे न उघडताच म्हणाला, "खाली बटण दाबलं की वर काहीतरी हलतं, एवढं मला कळतं. म्हणजे मधे दोर असणार. कुठेतरी टोक असणार."

"कशाचं टोक?"

"ते बघायला लागेल," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. कामाला निघताना असतो तसा आवाज होता.

५

त्यांचा पलंग भिंतीला लागून होता आणि भिंतीकडची जागा तिची. साधी विटांची भिंत, फिकट पिवळा रंग दिलेली. तिच्या पलीकडे हॉल, तिकडच्या अंगाला सासूबाईंचं कॅलेंडर टांगलेलं. इतक्या वर्षांत त्या भिंतीकडे कोणी दोनदा पाहिलं नव्हतं.

त्या बुधवारी त्याने एका हाताने तिला धरून ठेवलं आणि दुसऱ्या हाताने शोध सुरू केला. चादर, गादीची कड, पलंगाची फळी. ती त्याच्या गळ्यात तोंड खुपसून रस्ता सांगत होती आणि तिला स्वतःचीच लाज वाटत होती. काय चाललंय हे, या वयात? त्याचा हात भिंतीला लागला.

"वर," ती म्हणाली. "अजून वर. आता डावीकडे. अजून जरा..."

आणि तिच्या तोंडून आवाजच निघाला नाही.

त्याने भिंत खाजवली. त्याच्या पाचही बोटांची नखं तिला आपल्या पाठीवर लागली. वेगवेगळी लागली; अंगठ्याचं नख लिफ्टच्या दारात सापडून चिरलेलं होतं, ते जरा करकरीत. इतक्या महिन्यांची खाज त्या नखांखाली विरघळून गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"लागलं का?"

"नाही. थांबू नकोस."

तो थांबला नाही. एक हात तिच्यावर, एक हात भिंतीवर, असे ते दोघं कितीतरी दिवसांनी एकत्र आले.

नंतर त्याने उताणं पडून आपली नखं डोळ्यांसमोर धरली. नखांत पिवळा रंग आणि चुना भरला होता. त्याने तिला दाखवला. ती हसली, मग तोही, आणि हसता हसता दोघांना श्वास पुरेना.

"कोणाला सांगशील का?" ती म्हणाली.

"काय सांगू? बायकोची पाठ भिंतीत आहे म्हणून?"

बोलून झाल्यावर त्याने भिंतीकडे पाहिलं. तिनेही. हॉलमध्ये किल्ली फिरल्याचा आवाज आला, सासूबाई आल्या होत्या. ती घाईघाईने पिना लावायला लागली.

६

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. सासूबाई म्हणाल्या, "हल्ली हसताय दोघं. गादी उन्हात टाकल्याचा गुण आला बघ." ती त्यांच्यादेखत एकदा चुकून त्याला 'अरे' म्हणाली आणि म्हातारीने ऐकलं नाहीसं दाखवलं. खाज यायची, त्याचा हात भिंतीवर जायचा, आणि बस. माणसाला कशाचीही सवय होते. कोणाला उशी लागते, कोणाला दिवा लागतो. आम्हाला भिंत लागते, असं ती मनाशी म्हणायची.

भिंतीवर तळहाताएवढा डाग पडला. आधी रंग गेला, मग खालचा चुना. एका सकाळी चादर बदलताना ती तिथे वाकली, आणि तिच्यातल्या नर्सने आधी पाहिलं, तिने नंतर. डागाच्या कडा सुजल्या होत्या. गिलावा फुगतो, पोपडे धरतो, ते तिला माहीत होतं. हे तसं नव्हतं. कड गोल, ताणलेली, लालसर. मधे बारीक ओरखडे एकावर एक. पडून पडून पेशंटला बेडसोअर व्हायच्या आधी कातडी दिसते तशी. तिने हाताची पालथी बाजू लावली. गरम.

ऊन पडत असेल. पण आतल्या भिंतीवर कुठलं ऊन? ती हॉलमध्ये गेली, कॅलेंडर उचलून पलीकडून हात लावला. भिंत असते तशी थंडगार. ओल असेल मग. ओल गरम नसते. तिथे ती बराच वेळ कॅलेंडर हातात धरून उभी होती.

"काय गं, तारीख बघतेस?" सासूबाईंनी विचारलं.

"हो आई."

मग तिने जे केलं ते तिने कोणालाच सांगितलं नाही. पर्समधून मलम काढलं आणि डागाच्या कडांना हलक्या हाताने लावलं. वेडेपणा आहे हे तिला समजत होतं. पण सूज दिसली की ती असंच करते, इतकी वर्षं करत आलीय. दुसऱ्या दिवशी सूज उतरली होती.

त्याच सुमारास तिच्या वॉर्डात माणसं कमी पडायला लागली. बुधवारी तिला दुसऱ्या पाळीलाही थांबवून घ्यायचे. पहिल्यांदा तिने फोन करून सांगितलं तेव्हा तिला वाटलं, आता हा चिडेल. पूर्वी चिडायचा, दोन दिवस तोंड फुगवून बसायचा.

"असू दे," तो म्हणाला. "तू दमू नकोस."

तिला बरं वाटलं. मग फोन ठेवल्यावर हळूहळू वाटेनासं झालं. त्यानंतर तिने त्याला एकदा संध्याकाळी पाहिलं, पलंगावर बसून पेपर वाचताना. नजर पेपरवर, आणि दुसरा हात भिंतीवर हलकेच थोपटत होता. झोपलेल्या माणसाला थोपटतात तसा.

"काय करतोयस?"

त्याने हात काढून घेतला. "काही नाही गं. सवय."

आणि जवळ यायचा तेव्हाही तिच्या लक्षात येऊ लागलं, की त्याचा चेहरा तिच्या खांद्यावरून पलीकडे असतो. ती मधे असते, पण तो तिच्या पलीकडे बघत असतो. तिने ते बोलून दाखवलं नाही. कामावरून आल्यावर नुसतं बोलायचं म्हटलं तरी अंगात बळ लागतं, आणि ते बळ ती वॉर्डात ठेवून यायची.

७

मग तो बुधवार आला. ती पुन्हा थांबली होती. जेवणानंतरची सुस्त वेळ, अर्धा वॉर्ड घोरत होता, ती औषधांची ट्रॉली ढकलत होती. आणि तिला खाज सुटली.

ती जागीच थांबली. कोणी जवळ नव्हतं. कोणाचा विचारही मनात नव्हता. पाठीवर नव्हतीच ती. लांब, घराच्या दिशेला. तिने ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. तेवढ्यात नखं लागली. चारी बोटांची गुळगुळीत, अंगठ्याचं करकरीत. मग तळहात. मग सावकाश, तिला तोंडपाठ असलेल्या क्रमाने, बाकीचं सगळं. भर दुपारी, गणवेशात, पुरुषांच्या वॉर्डात तिचा चेहरा तापला.

"सिस्टर, बरं नाही का?" एका पेशंटने विचारलं.

"बरं आहे," ती म्हणाली, आणि बरं वाटतच होतं. तेच तर वाईट होतं.

मेट्रनबाईंना ताप आलाय सांगून ती निघाली. बसमध्ये तिने नेहमीप्रमाणे स्वतःची समजूत घालायला घेतली. तो घरी एकटा आहे. मी दमते हे त्याला दिसतं. मी नसताना भिंत खाजवली तर मला तिकडे बरं वाटेल, असं त्याच्या मनात आलं असेल. भोळाच आहे तो. तिला भरून यायला हवं होतं. जवळजवळ आलंही. आणि मग पाठीवर त्याची बोटं अडखळली. जागा चुकली होती. ती बरोबर सांगते तेव्हाच बोटं सरकतात. सांगितल्याशिवाय त्याला आजवर एकदाही ती जागा सापडलेली नव्हती.

बोटं थांबली. कोणीतरी सांगावं तितका वेळ थांबली. आणि अचूक डावीकडे सरकली.

ती खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या शेजारच्या बाईने पर्समधून आरसा काढला, केस नीट केले, आरसा आत ठेवला. जगात बाकी सगळं चालू होतं.

तिने किल्लीने दार उघडलं. सासूबाई घरातच होत्या, स्वयंपाकघरात पाठमोऱ्या. ओट्याशी भाजी निवडत होत्या. व्यायाम शिकवणारी बाई आली नव्हती म्हणे.

"उठलीस का?" त्या मागे न बघताच म्हणाल्या. "चहा टाकते थांब."

"मी आत्ताच येतेय, आई."

सासूबाईंनी वळून बघितलं. तिचा गणवेश, खांद्यावरची पर्स, पायातले बूट. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

"आत्ता कुठून? मघापासून आत बोलताय की दोघं."

ती तशीच खोलीकडे गेली. बूट काढायचे राहूनच गेले. खोलीचं दार लोटलेलं होतं, कडी नव्हती. तिने ते दोन बोटांनी ढकललं.

पडदा ओढलेला होता. पिवळट अंधार. तो तिच्या जागेकडे तोंड करून कुशीवर झोपला होता, त्याची पाठ दाराकडे. त्याने पांघरलेली चादर त्याच्या पलीकडे भिंतीपर्यंत गेली होती आणि तिथून थोडी वर चढली होती. हात भिंतीवर होता. तिने आधी हातच पाहिला, कारण तो हलत होता. सपाट जागेवर हात जसा हलतो तसा नाही. तो वर गेला, वळला, पलीकडच्या बाजूने खाली आला. खांद्यावरून हात फिरवावा तसा.

कोणीतरी काही म्हणालं. शब्द कळले नाहीत. तोंड उशीत असताना बोलावं तसा आवाज. तिचं स्वतःचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, तरी तो आवाज चालू असेपर्यंत तिचा गळा आतून थरथरत होता.

"हो," नवरा म्हणाला. "कळलं. झोप आता तू. दमतेस किती."

इतक्या मायेने तो शेवटचं कधी बोलला होता, ते तिला आठवेना. तिच्या पाठीवर तळहात फिरत होता, सावकाश, झोप यावी इतका सावकाश. तिला ओरडावंसं वाटत होतं. आणि त्याच वेळी दाराच्या चौकटीला टेकून डोळे मिटावेत असंही वाटत होतं.

तिचा बूट फरशीवर करकरला. हात थांबला नाही. त्याने मानही वळवली नाही.

"आई," तो हळूच म्हणाला, "दार लाव गं."

तिने दार लावलं.

८

सासूबाईंनी चहा गाळून ठेवला होता. कप तीन होते. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग कपांकडे, आणि आपल्याच हातांवर विश्वास नसल्यासारख्या उभ्या राहिल्या.

"आत नेऊन देऊ का?"

"नको आई," ती म्हणाली. "राहू देत दोघांना."

म्हातारीने तिसऱ्या कपावर बशी ठेवली. पदराने हात पुसले, आणि बराच वेळ पुसतच राहिल्या.

ती स्टुलावर बसली. चहा कडक होता, गोडही झाला होता. अंग हलकं झालं होतं, पापण्या जड. डॉक्टरीणबाईंच्या गोळ्यांनीही अशी गुंगी कधी आली नव्हती. जागं राहायचं असेल तर इथे बसून चालणार नाही, एवढं तिला कळत होतं. तिने पर्समधून फोन काढला.

"मेट्रनबाई, मी बोलतेय. ताप नव्हता. येते मी परत."

"अगं, राहू दे आता. आराम कर."

"आराम झाला," ती म्हणाली. "आणि बुधवारची दुसरी पाळी यापुढे मलाच द्या. कायमची."

पलीकडून रजिस्टरचं पान उलटल्याचा आवाज आला. "बघ हं. घरी चालेल ना पण?"

बंद दाराच्या आत नवरा कशावर तरी हळूच हसला. आणि तिच्या छातीत, तिने न हसता, हसू हललं.

"चालेल," ती म्हणाली. "घरी आहे कोणीतरी."